इंगोले मॅडमची हळद

पंचफुलाबाई गेली त्या दिवशी गावच्या ग्रुपवर कुण्या रिकामटेकड्यानं तो जुना व्हिडिओ पुन्हा टाकला. वर लिहिलं होतं, 'करणी उतरवणाऱ्या मॅडम, जरूर पाहा.' खाली हात जोडणाऱ्यांची ही मोठी रांग. व्हिडिओत आमच्या शाळेचं पटांगण, मधात टेबल, टेबलावर नारळ, आणि टेबलामागं इंगोले मॅडम, हातात अर्धं लिंबू. माझं डोकंच सणकलं. लिहिणार होतो की गाढवहो, त्या बाईनं जन्मात करणी मानली नाही. पण हात जोडणाऱ्यांत निम्मे तिच्याच हाताखाली सातवी शिकून गेलेले. त्यांना जे तिला शिकवता आलं नाही, ते मी काय शिकवणार होतो? फोन पालथा ठेवला आणि चहा पिऊन घेतला.

पंचफुलाबाई होती तोवर बोलायची सोय नव्हती. आता बोलतो.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, शेलूबाजारहून जीपनं आत जावं लागतं. मी तिथं भूगोल शिकवायचो, मॅडम विज्ञान. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या, म्हणून त्यांचा सगळा तऱ्हेवाईकपणा मला फुकटात पाहायला मिळाला. उंच, हडकुळ्या बाई. आवाज बारीक, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. खांद्याला कायम एक खाकी पिशवी. तिच्यात तुरटी, कापूर, खायचा सोडा, मीठ, हळदीची पुडी, लिंबू आणि चुन्याची डबी. हा चुना त्या बाजाराच्या दिवशी पानठेल्यावर स्वतः उभ्या राहून घ्यायच्या. ठेलेवाल्यानं एकदा विचारलं, "मॅडम, सोबत तंबाखू देऊ काय?" मॅडम म्हणाल्या, "तंबाखू तुमी खा. मले निरा चुना द्या." दुसऱ्या दिवशी गावभर झालं की शाळेतल्या मॅडम तंबाखू खातात. मॅडमना कुणी सांगितलं तर म्हणाल्या, "खाऊ द्या गावाले काय खायचं ते."

चहातही त्या लिंबू पिळायच्या. दूध नसलेल्या काळ्या चहात लिंबू पडलं की रंग उतरतो, तो उतरताना पाहायच्या आणि मगच प्यायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो चहा न पाहता प्यायल्याचं मला आठवत नाही.

त्यांचा एक प्रश्न होता: "नवीन काय झालं?" सहावी-सातवीला पदार्थांतले बदल हा धडा असतो. भौतिक बदल म्हणजे रूप बदलतं, पदार्थ तोच राहतो. बर्फाचं पाणी होतं तसं. रासायनिक बदल म्हणजे पदार्थच दुसरा होतो; लाकडाची राख होते तसं. गाईडवाल्यांनी याचं सोपं करून ठेवलं होतं. जे परत येतं ते भौतिक, येत नाही ते रासायनिक. पोरं घडाघडा पाठ म्हणायची. मॅडमना ते ऐकलं की तिडीक यायची.

"कागद फाडला. परत येते काय?"

"नाई मॅडम."

"मंग रासायनिक?"

"हाव मॅडम."

"कागदाचं काय झालं बाप्पा? दूध झालं? लोखंड झालं?"

"कागदच हाय मॅडम."

"मंग नवीन काय झालं?"

मग मॅडम पिशवीतून हळद काढायच्या, पांढऱ्या चिंधीवर पाण्यानं चोळायच्या. पिवळी चिंधी. तिच्यावर चुना लावला की लालभडक. वरणाचा डाग साबणानं लाल होतो, हे घरोघरी धुण्याच्या दगडावर सगळ्या पोरांनी पाहिलेलं, त्यापायी मारही खाल्लेला. पण मॅडम तिथं थांबायच्या नाहीत. त्या लाल डागावर लिंबू पिळायच्या आणि डाग पुन्हा पिवळा व्हायचा. "घ्या, परत आलं. आता भौतिक म्हणसान काय? नाई. मधात नवीन झालं होतं. म्हणून परत येते काय ते इचारू नोका, नवीन काय झालं ते इचारा." एखादं पोरगं वहीत उतरवायला लागलं की त्या वही मिटून टाकायच्या. "लिहू नको. कर. तुह्या हातानं कर."

'लिहून घ्या' या दोन शब्दांचा त्यांना मनस्वी राग. आम्ही बाकीचे लिहून देणारेच होतो. भूगोलात मी काय ज्वालामुखी करून दाखवणार?

तो प्रश्न त्या वर्गाबाहेरही घेऊन फिरायच्या, आणि तिथं जरा विखारी व्हायच्या. हेडमास्तरांनी ऑफिसला निळा रंग दिला, "भौतिक." ग्रामपंचायतीत नवीन माणसं निवडून आली, "पाहू, नवीन काय होते तं. मले तं बर्फाचं पाणीच दिसते." लग्नाला आल्या की नवरदेवाकडं बघून माझ्या कानाशी पुटपुटायच्या, "सर, हा रासायनिक व्हाले पायजे होता, पन होत नाई." एकट्या राहायच्या. नवरा अकोल्याला असतो म्हणायच्या, तो कधी आलेला कुणी पाहिला नाही, आणि त्याबद्दल काही विचारण्याची माझी छाती झाली नाही.

आता पंचफुलाबाई. ती शाळेत खिचडी शिजवायची. नवरा नाही, मुलगा-सून अपघातात गेलेले, पदरात एक नात, रेणू. रेणू तेव्हा पाचवीत. खिचडीचं मानधन म्हणजे किती, ते सरकारलाच माहीत. पण दोघींचं दुपारचं जेवण शाळेत व्हायचं आणि गावात पंचफुलाबाईला 'शाळेतली बाई' म्हणून मान होता. काळीसावळी, ठेंगणी, तोंडाची फटकळ. पोरांना वाढताना शिव्या द्यायची आणि शिव्या देताना एक पळी जास्त वाढायची. तंबाखूचं मात्र तिला व्यसन. चुलीपुढं बसली की डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना, उजव्या अंगठ्यानं मळणं चालूच. चुना हाताच्या रेषांत मुरलेला.

गावात गजाननराव म्हणून मोठे शेतीवाले. शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही तेच. त्यांच्या नातवाला ताप आला, उतरेना. डॉक्टर झाले, मग कुणी म्हणालं फाट्यावरच्या महाराजाला विचारा. महाराज गाडीतून आले. पोराच्या खाण्यापिण्याला ज्या ज्या बाईचा हात लागला, त्यांना ओट्यावर बसवलं. घरच्या सुना, मोलकरीण, शेजारणी, आणि शाळेत खिचडी वाढणारी म्हणून पंचफुलाबाई. प्रत्येकीच्या तळहाताला ओली हळद लावली. ज्या हातावर हळद लाल होईल, त्या हातानं करणी केली, असं महाराजानं सांगून ठेवलं होतं. बाकीच्यांचे हात पिवळे राहिले. पंचफुलाबाईचा डावा हात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी पोरं घरून डबे घेऊन आली. खिचडीचं पातेलं भरलेलं तसंच राहिलं, ते ढोरांपुढं ओतावं लागलं. तिसऱ्या दिवशी तेच. ढोरांना चालत होतं, पोरांना चालत नव्हतं. गजाननरावांच्या नातवाला पुढं अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, पोरगं बरं झालं. नाव महाराजाचं झालं. हेडमास्तरांनी पंचफुलाबाईला सांगितलं, "बाई, माहा काई इलाज नाई. लोकं मानत नाईत. दुसरी बाई पाहा लागन." तिनं पातेलं घासून पालथं घातलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिली. रेणू तिला चिकटून.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या हसल्या. खरंच हसल्या, मला आठवतं. "सर, एवढंच ना? हे तं माह्या सहावीचं पोरगं सोडवन." त्यांना वाटलं, ज्याचं कारण माहीत आहे ते सांगितलं की संपलं. इतकी वर्षं गावात काढूनही त्यांना तसं वाटत होतं, याचा मला आजही राग येतो.

त्यांनी हेडमास्तरांच्या मागं लागून पालकसभा लावली. सारं गाव आलं, कारण काहीतरी होणार याचा वास गावाला बरोबर येतो. गजाननराव पुढच्या खुर्चीत. मॅडमनी पिशवी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. म्हणाल्या, "माह्या जवळचं काईच नाई लावत. मंग म्हणसान मॅडमनं हातचलाखी केली. हळद गजाननरावच्या घरून आणली हाय. महाराजनं बायांचेच हात पाह्यले. आपन माणसांचे पाहू." पुरुषांना हसू आलं. पुढं झाले. आमच्याकडं तंबाखू न मळणारा माणूस शोधावा लागतो. मॅडम एकेकाच्या डाव्या तळहाताला ओली हळद चोळत गेल्या आणि हात लाल होत गेले. पोलीस पाटलाचा लाल, उपसरपंचाचा लाल, आमच्या शिपायाचा लाल. गजाननराव हात मागं घेत होते. मॅडमनी धरून पुढं ओढला. तोही लाल.

"पाहा," मॅडम म्हणाल्या, "हे चुन्यानं होते. हळद अन चुना एकत्र आले की नवीन पदार्थ होते, तो लाल असते. करणी-बिरणी काई नाई. असली तं मंग सारं गावच करणीवालं हाय."

मॅडमनी पिशवीतलं लिंबू काढलं, पुढचं दाखवायला. पण गजाननराव उठले. धोतराला हात पुसत, कुणाकडं न बघता चालू पडले, आणि त्यांच्यामागं सभा. लिंबू तसंच टेबलावर राहिलं. मॅडमना वाटलं, जिंकलो. मला म्हणाल्या, "उद्या पोरं जेवतीन पाहा." मलाही तेच वाटलं होतं.

पोरं जेवली नाहीत. एकानंही ताट पुढं केलं नाही. आणि त्या संध्याकाळी मॅडमच्या खोलीपुढं दोन बाया येऊन बसल्या. पदराखाली हळदीची पुडी. "मॅडम, आमच्याबी घराचं पाहून द्या ना. सासूवर शक हाय."

गावानं काय अर्थ काढला माहीत आहे? महाराजाला एकच हात लाल करता आला, मॅडमनं साऱ्या गावाचे केले. म्हणजे मॅडमकडची विद्या मोठी. म्हणजे मॅडमनाही येतं. नव्हे, महाराजापेक्षा चांगलं येतं, आणि शाळेत नोकरी आहे म्हणून फी घेत नाहीत. पानठेल्यावरचा चुना लोकांना आता आठवला. 'तरीच' म्हणाले लोक.

मॅडमनी त्या बायांना हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आल्या, त्यांनाही हाकलून दिलं. वर्गात त्यांनी पोरांना पुन्हा सगळं करून दाखवलं. पोरांनी ते बरोबर सांगितलंही, परीक्षेला लिहिलंही असतं. मग घंटा झाली आणि तीच पोरं आपापला डबा उघडून झाडाखाली बसली. एका पोरीला मॅडमनी विचारलं, "तुले समजलं ना?" ती म्हणाली, "समजलं मॅडम. पन माय मारते."

मग एका मधल्या सुट्टीत पंचफुलाबाई आमच्या खोलीच्या दारात आली. आत यायची तिची सवय नव्हती. उंबऱ्याशीच बसली.

"मॅडम, माह्या हातावरचं उतरवून द्या."

मॅडम वैतागल्या. "पंचफुलाबाई, अवं ते चुन्यानं होते. तुमी तंबाखू मळता ना—"

"मले मालूम हाय."

मॅडम थांबल्या.

"मी येडी हाव काय? सभेतच समजलं मले. माहा हात मलेच नाई मालूम? पन गावाले नाई समजलं, अन समजनार नाई. लिंबू पिळलं की पिवळं होते म्हणे. रेणू सांगे. ते करा चार लोकांत."

"मी खोटं नाई सांगणार."

"खोटं कायले सांगता? काईच सांगू नोका. निरा लिंबू पिळा. बाकीचं गाव आपल्या मनानं बोलन."

मॅडम म्हणाल्या, "पन मंग त्यायले वाटन ना, की करणी होती अन मी उतरवली."

"वाटू द्या." पंचफुलाबाईनं डोळ्याला पदर लावला नाही, आवाज चढवला नाही. "तुमचं खरं हाय मॅडम. लय खरं हाय. पन त्याच्यावर माही चूल पेटत नाई. सोमवारपासून ते बचत गटाची बाई येते म्हणे. मंग ही पोरगी घेऊन मी कुठं जाऊ? ईटभट्टीवर?"

रेणू मागं उभी होती. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सर, काय करू?" मी काय सांगणार? जी बाई गावातल्या कुणाला भीत नव्हती ती मला विचारत होती, आणि माझ्याकडं नकाशे होते. मी म्हटलं, "तुम्हाला पटेल ते करा." असल्या वाक्याचा कुणाला कधी उपयोग झालाय?

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गाव पटांगणात जमलं. गजाननराव आले; आता त्यांचा हात कुणी धरणार नव्हता. टेबलावर नारळ हेडमास्तरांनी ठेवला, मॅडमना न विचारता. मॅडमनी नारळाकडं बघितलं आणि तो बाजूला सारावा की नाही अशा त्या जरा थबकल्या. सारला नाही. पंचफुलाबाईच्या तळहाताला हळद लावली. लाल झाली. बाया मागं सरकल्या. मॅडमनी लिंबू कापलं आणि पिळलं. तळहातावरचा लाल रंग हळूहळू फिकट होत गेला आणि पिवळा झाला. त्यांच्या वर्गात पोरं या वेळी ओरडायची, टाळ्या वाजवायची. इथं शांत. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले, आणि तिचं बघून मागच्यांनी. कुणाचा तरी मोबाईल वर धरलेला होता, तोच हा व्हिडिओ.

मॅडमनी बोलायला तोंड उघडलं. मी पाहिलं. 'हे आम्ल आहे', एवढंच त्या म्हणाल्या असत्या तरी झालं असतं. पंचफुलाबाईनं खाली बसल्या बसल्या त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. मॅडमनी तोंड मिटलं. व्हिडिओतही ते दिसतं, पण ते कळायला त्यांचं वर्गातलं बोलणं ऐकलेलं पाहिजे.

सोमवारी खिचडी शिजली. पोरं जेवली. गजाननराव स्वतः येऊन ताट घेऊन बसले, म्हणजे गावाला कळावं की सगळं शुद्ध झालं. पंचफुलाबाई पूर्वीसारख्या शिव्या देत वाढत होती. मॅडम त्या दिवशी जेवायला आल्या नाहीत, डोकं दुखतं म्हणाल्या.

डोकं बहुतेक त्यानंतर दुखतच राहिलं. बाया यायच्या थांबल्या नाहीत, उलट आसपासच्या गावांतून यायला लागल्या. लहान लेकरं पायावर घालायच्या. सुरुवातीला मॅडम पाय मागं घ्यायच्या, रागवायच्या. पण जास्त रागावून चालणार नव्हतं. 'यात काही नाही' असं एकीलाही पटलं, तर पटांगणात उतरवलेलं खोटं ठरून ते फिरून पंचफुलाबाईच्या चुलीवर येणार होतं. तेव्हा त्या गप्प उभ्या राहायच्या, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि आत यायच्या. खाकी पिशवी कपाटात गेली. चहात लिंबू पिळणं बंद झालं. दुधाचा चहा घ्यायला लागल्या, सगळ्यांसारखा. हेडमास्तर बदलून नवीन आले तेव्हा मी मुद्दाम, जरा हसवावं म्हणून विचारलं, "काय मॅडम, भौतिक की रासायनिक?" त्यांनी वह्या तपासताना मान वर केली नाही. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या बदल्यांत त्यांनी नाव घातलं आणि कारंजा तालुक्यात धनजकडं कुठं तरी गेल्या. निरोपसमारंभात गजाननरावांनी शाल दिली. भाषणात म्हणाले की मॅडमच्या हाताला गुण आहे. टाळ्या झाल्या.

पण मला त्या आठवतात त्या शालीत नाही. जायच्या आधीच्या महिन्यात मी सातवीच्या वर्गावरून चाललो होतो. दार उघडं होतं. पदार्थांतले बदल हाच धडा चालू होता. टेबल रिकामं. मॅडम फळ्याकडं तोंड करून लिहीत होत्या, अक्षर तेच, टपोरं. 'भौतिक बदल: परत येतो. रासायनिक बदल: परत येत नाही.' गाईडातलंच वाक्य, शब्द न शब्द. पोरं माना खाली घालून उतरवत होती.

दुसऱ्या बाकावरून रेणू उभी राहिली. सातवीत आली होती, उंच झाली होती. "मॅडम, पन मांगं आजीचा हात लाल झाला होता, तो लिंबानं परत पिवळा झाला ना? मंग ते रासायनिक नव्हतं काय?"

खरा प्रश्न होता. इतकी वर्षं मॅडम वर्गावर्गातून याच प्रश्नाची वाट पाहत आल्या होत्या. त्या वळल्या. चेहऱ्यावर एक क्षण जुनी ती धार आली, आणि मला वाटलं, आता पिशवी मागवतील. मग त्यांनी त्या पोरीकडं पाहिलं, तिच्या मागच्या बाकांवरच्या पोरांकडं पाहिलं, जी संध्याकाळी घरी जाऊन सगळं सांगणार होती. खिडकीबाहेर खिचडीच्या चुलीचा धूर येत होता.

"ते येगळं होतं," मॅडम म्हणाल्या. "खाली बस. लिहून घे."